बूट कुठला ते नंतर, आधी खूर बघा



या वीकेंडला कोडिंग नाही, ऑफिस नाही, ट्रॅफिक तर नाहीच. आज खूर. हो, घोड्याचा खूर. हसू नका, मी जरा चिडलेलो आहे (बराचसा स्वतःवरच).

किनवटला माझ्या मावसभावाकडे वरातीची घोडी आहे. मागच्या लग्नसराईच्या तोंडावर नाल ठोकताना एक खिळा आत जिवंत भागाला लागला. खूर पिकला, नाल काढावी लागली. घोडी बरी झाली, पण भावाने कानाला खडा लावला: आता खिळा नाही म्हणजे नाही. मग घोडी अनवाणी. शेतात, मातीत मजेत चालायची. गावात सिमेंटचा रस्ता आणि बाहेर खडी उघडी पडलेलं डांबर, तिथे आली की लंगडायची. वरात काही शेतातून निघत नाही!

"दादा, तिकडं घोड्याचे बूट भेटतात म्हणं. मागव की."

मागवले. त्याने खुराला पट्टी लावून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला, मी तक्ता बघून साइज ठरवली, पुढच्या पायांची जोडी परदेशातून आली. पहिल्या दिवशी झकास बसले. आठ दिवसांनी नालबंदाने खूर तासला आणि तेच बूट पायात गरगर फिरायला लागले. टाचेवरची कातडी सोलवटली. त्या मोसमातल्या उरलेल्या वराती गेल्या, आणि वराती गेल्या म्हणजे त्या घरातले पैसे गेले. पुण्यात बसून मला फक्त वाईट वाटलं, एवढंच.

चूक बुटाची नव्हती. मी वाढलेल्या, कडेला पसरलेल्या खुराचं माप दिलं होतं. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर इनपुटच चुकीचा. खूर महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढतो. अनवाणी घोड्याचा खूर चार ते सहा आठवड्यांनी तासावा लागतो, आणि माप घ्यायचं ते तासल्यावर लगेच, पाय जमिनीवर टेकलेला असताना. रुंदी जिथे सगळ्यात जास्त तिथली. लांबी पुढच्या टोकापासून टाचेचा कठीण भाग संपतो तिथपर्यंत. मागचा गुबगुबीत मऊ भाग धरायचा नाही (मी धरला होता). पुढचे खूर गोलसर, मागचे अरुंद, म्हणून चारही पायांचं माप वेगवेगळं. दोन साइझमध्ये फरक असतो काही मिलिमीटरचा, आणि फोटोतली पट्टी जरा तिरकी धरली की तेवढी चूक सहज होते.

आणि आता खरा राग. हा प्रकार झाल्यावर घोडे पाळणाऱ्या, रायडिंगला जाणाऱ्या पाच-सहा ओळखीच्या लोकांना विचारलं. प्रत्येकाने कंपनीचं नाव सांगितलं. हा बूट घे, तो घेऊ नकोस, त्याचा पट्टा भारी, याचा सोल भारी. खूर कसा आहे, शेवटचा कधी तासला, हे एकानेही विचारलं नाही. अरे, मोबाइल घेताय का? बरेचसे बूट लांबी-रुंदी जवळपास सारखी असलेल्या खुरासाठी बनतात. आमच्या घोडीचा खूर तासल्यावर रुंदी १०४ आणि लांबी १२१ भरली. तिला गोल बूट लांबीने घेतला तर बाजूने खुळखुळणार, रुंदीने घेतला तर आत जाणारच नाही. अरुंद खुराचे बूटही मिळतात, पण ते माहीत व्हायला आधी हे दोन आकडे हातात हवेत ना.

दुसरा पंथ "अनवाणी हेच नैसर्गिक" वाल्यांचा. त्यांचं सगळंच चूक नाही. खूर दगडगोट्यांवर कणखर होतो, हे झेनोफनने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात लिहून ठेवलंय. पण त्याच जगात पुढे रोमन लोकांनी घोड्याच्या पायाला बांधायचे लोखंडी जोडे केलेच. आपल्याकडे मराठेशाहीत शिलेदाराला द्यायच्या आगाऊ रकमेचं नावच नालबंदी. पाय जपायला पैसा लागतो, हे त्या कारकुनांना कळत होतं. डांबर आणि काँक्रीट 'नैसर्गिक' नाही, मग त्यावर अनवाणी चालवणं नैसर्गिक कसं? माथेरानमध्ये पेव्हर ब्लॉकचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. रस्त्याबद्दल आपण एवढं भांडतो. खुराबद्दल कोण भांडणार?

२०१२ च्या पशुगणनेत देशात सव्वासहा लाख घोडे-तट्टू होते, २०१९ मध्ये ३ लाख ४० हजारांच्या आसपास उरले. घोडे कमी झाले की त्यांच्यावर पोट असणारे नालबंदही कमी होणार, साधा हिशोब आहे. किनवटला येणारा नालबंद म्हातारा आहे, नांदेडहून येतो, मुलगा या धंद्यात नाही. बूट जगातून कुठूनही दारात येईल, कानस चालवणारा हात येणार नाही. माळेगावच्या यात्रेत मोठा घोडेबाजार भरतो, परभणी-उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. चार-चार दिवस खूर तासायला आणि मापायला शिकवलं, तर त्याला परदेशी बूट लागत नाही की डॉलर.

"मग गावातल्या चांभाराकडून टायरचे करून घ्या की", असं एका मित्राने सुचवलं. जुगाडाचं मला कौतुक आहे, पण माप न घेता केलेला टायरचा बूटही टाच सोलणारच. फक्त स्वस्तात सोलेल. माप घेऊन केला तर मी पहिला गिऱ्हाईक.

असो. मागच्या शनिवारी नंदीग्रामने किनवटला उतरलो. नालबंदाकाकांनी खूर तासला, आणि या वेळी पट्टी मी स्वतः धरली, तीन-तीनदा. काका गालातल्या गालात हसत होते. जाताना भावाला म्हणाले, "सहा आठवड्यांनी बोलव रे मला. विसरू नको." बूट अजून मागवलेले नाहीत. सहा आठवड्यांनी परत मापणार, दोन्ही आकडे शेजारी ठेवणार आणि मगच. तोवर घोडी शेतात, भावाचं कमाईचं साधन बंद, आणि पुढची लग्नसराई तुळशीच्या लग्नानंतर सुरू.