खर्डा जिंकले, वसुली राहिली

खर्डा (ता. जामखेड) : मराठी माणसाला खर्ड्याची लढाई आठवते ती मराठ्यांच्या शेवटच्या एकत्रित विजयासाठी. त्या विजयाचे पुढे काय झाले, हे सहसा सांगितले जात नाही. ११ मार्च १७९५ रोजी या परिसरात मराठे आणि निजाम यांची गाठ पडली. सेनापतिपद परशुरामभाऊ पटवर्धनांकडे होते. शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले ही एरवी एकमेकांकडे संशयाने पाहणारी घराणी नाना फडणविसांनी एका छावणीत आणली होती. प्रत्यक्ष रणात मनुष्यहानी फार मोठी झाली नाही. निजामअली खर्ड्याच्या किल्ल्याच्या आश्रयाला गेला, बाहेरून वेढा पडला, दाणापाणी तुटले आणि तो तहाला तयार झाला. तीन कोटी रुपये, दौलताबादसह मुलूख आणि दिवाण मुशीर-उल-मुल्क पुण्याच्या स्वाधीन, असे घसघशीत माप पदरात पडले.

परंतु ते पडले कागदावर. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सवाई माधवरावांचा मृत्यू झाला, वारसाचा वाद पेटला आणि ज्या नानांनी निजामाला नमवले होते, त्यांनाच पुण्यातील राजकारणासाठी निजामाची मदत घ्यावी लागली. ऑक्टोबर १७९६ मध्ये महाडच्या करारात खर्ड्याला मिळवलेले बहुतेक सारे सोडून देण्यात आले. १७९८ मध्ये निजाम इंग्रजांच्या तैनाती फौजेखाली गेला आणि विषय संपला.

इतिहासाची तुलना फार ताणू नये. तरीही राज्यातील विरोधी पक्षांची २०२४ नंतरची वाटचाल पाहता खर्ड्याची आठवण अपरिहार्य ठरते. जून २०२४ मध्ये महाविकास आघाडीने लोकसभेच्या ४८ पैकी ३० जागा जिंकल्या. सांगलीचे अपक्ष विशाल पाटीलही नंतर काँग्रेससोबत गेले. नगर जिल्ह्यात अहमदनगर व शिर्डी या दोन्ही जागा आघाडीकडे आल्या. त्यानंतरचे पाच महिने मुख्यमंत्रिपदाचा चेहरा कोणाचा आणि कोणत्या जागा कोणाच्या, या वादात गेले. उमेदवारी अर्जांच्या अखेरच्या दिवसापर्यंत तिढा पूर्ण सुटला नव्हता. दरम्यान, जुलै २०२४ पासून लागू झालेल्या लाडकी बहीण योजनेचे दीड हजार रुपये महिलांच्या खात्यांत पोहोचू लागले होते. या योजनेचे करायचे काय, हे आघाडीला लवकर ठरवता आले नाही. आधी तिजोरीच्या बोज्यावरून टीका झाली आणि शेवटी जाहीरनाम्यात तीन हजारांचे आश्वासन आले. मतदाराच्या दृष्टीने एकाने पैसे दिले होते आणि दुसरा देईन म्हणत होता. नोव्हेंबरमध्ये २८८ पैकी आघाडीच्या तीन प्रमुख पक्षांना मिळून ४६ जागा मिळाल्या : शिवसेना (उद्धव ठाकरे) २०, काँग्रेस १६, राष्ट्रवादी (शरद पवार) १०. नगर जिल्ह्यातील १२ पैकी केवळ दोन जागा आघाडीच्या वाट्याला आल्या.

त्या दोनपैकी एक श्रीरामपूरची आणि दुसरी, ज्या मतदारसंघात खर्डा मोडते, ती कर्जत-जामखेडची. २०१९ मध्ये रोहित पवार यांनी येथे तत्कालीन मंत्री राम शिंदे यांचा ४३ हजारांहून अधिक मतांनी पराभव केला होता. २०२४ मध्ये हेच मताधिक्य १,२४३ वर आले. या दोन आकड्यांच्या मधल्या काळात मतदारसंघात प्रतीकांचे राजकारण भरपूर झाले. २०२१ च्या दसऱ्याला खर्ड्याच्या किल्ल्यावर ७४ मीटर उंचीचा भगवा स्वराज्यध्वज उभारला गेला. २०२३ च्या अखेरीस पवारांची पुणे ते नागपूर युवा संघर्ष यात्रा निघाली. त्याला प्रत्युत्तरही प्रतीकांचेच आले. राम शिंदे डिसेंबर २०२४ मध्ये विधान परिषदेचे सभापती झाले आणि ६ मे २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाची बैठकच त्यांच्या चौंडीत, अहिल्यादेवी होळकरांच्या जन्मगावी भरली. तेथे स्मृतिस्थळाच्या विकासासाठी ६८१ कोटींचा आराखडा मंजूर झाला. ध्वजाला ध्वजाने आणि यात्रेला यात्रेने उत्तर देण्याच्या या खेळात सत्ताधाऱ्यांच्या हाती नेहमीच एक पान अधिक असते, ते म्हणजे तिजोरी. विरोधकांनी हा खेळ खेळूच नये असे नव्हे. पण केवळ याच मैदानावर ते जिंकतील, ही अपेक्षा फोल आहे.

मग विरोधकांच्या हाती उरते काय? नाक दाबले की तोंड उघडते, ही म्हण राजकारण्यांना शिकवावी लागत नाही. चुकते ते नाक कुठे आहे हे ओळखण्यात. २०२५ च्या उन्हाळ्यात दोन प्रसंग दहा-बारा दिवसांच्या अंतराने घडले आणि दोन्ही अभ्यासण्यासारखे आहेत.

पहिला हिंदीचा. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य झाली. विरोध झाल्यावर १७ जूनला सुधारित निर्णय निघाला. त्यात ‘अनिवार्य’ शब्द गेला, पण दुसरी भाषा घ्यायची तर वर्गात किमान वीस विद्यार्थ्यांची अट आली. मनसे आणि ठाकरे यांची शिवसेना यांनी ५ जुलैला मुंबईत एकत्र मोर्चाची हाक दिली. विधिमंडळाचे अधिवेशन ३० जूनला सुरू होणार होते. २९ जूनला, म्हणजे अधिवेशनाच्या आदल्या दिवशी, सरकारने दोन्ही निर्णय मागे घेतले. मोर्चाची गरजच उरली नाही. ५ जुलैला वरळीत विजयी मेळावा झाला. त्या वेळी मनसेचा विधानसभेत एकही आमदार नव्हता. मागणी मात्र एका वाक्यात मावणारी होती, ती मान्य करायला सरकारला एक कागद रद्द करणे पुरेसे होते, तारीख ठरलेली होती आणि मुंबई महापालिकेची निवडणूक डोळ्यांसमोर होती. वीस वर्षे दुरावलेले दोन भाऊ एका व्यासपीठावर येण्याची शक्यता हाच सरकारवरचा सर्वांत मोठा दबाव ठरला. तो प्रत्यक्ष वापरण्याआधीच वसुली झाली.

दुसरा प्रसंग जनसुरक्षा विधेयकाचा. येथे विरोधकांकडे हिंदीच्या प्रश्नापेक्षा किती तरी अधिक आयुधे होती. विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये संयुक्त समितीकडे गेले, समितीत विरोधी पक्षांचे अनुभवी नेते होते, जनतेकडून १२ हजारांहून अधिक सूचना आल्या होत्या. समितीच्या बैठकांतून विधेयकात काही बदलही झाले. पण अहवाल सभागृहात आला तेव्हा त्याला भिन्नमतपत्रिका जोडलेली नव्हती. १० जुलै २०२५ रोजी विधानसभेत विधेयक आवाजी मतदानाने संमत झाले. स्पष्ट विरोध नोंदवला तो माकपच्या एकमेव आमदाराने. परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला. त्यानंतर हा कायदा लोकशाहीविरोधी असल्याची भाषणे सभागृहाबाहेर सुरू झाली, तेव्हा मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना केवळ एवढेच विचारावे लागले की, समितीत तुम्ही असे का म्हणाला नाहीत?

भिन्नमतपत्रिका म्हणजे दोन-तीन पानांचा कागद. ती लिहिण्यास संख्याबळ लागत नाही, विरोधी पक्षनेतेपद लागत नाही आणि अध्यक्षांची मेहेरबानीही लागत नाही. ती अहवालाचा भाग होते, न्यायालयात वाचली जाते, वीस वर्षांनी अभ्यासकाला सापडते. ज्या कायद्याविषयी विरोधक रस्त्यावर एवढे बोलले, त्याविषयी असा कागद नसावा, ही अकार्यक्षमता होती की अंतर्गत मतभेद, हे काहीही असले तरी परिणाम एकच झाला. रस्त्यावरच्या भाषणांना मागे आधार उरला नाही.

संदेशाच्या बाबतीतही अशीच गफलत दिसते. त्याच जुलै महिन्यात विधिमंडळातील एका उत्तरातून स्पष्ट झाले की, जानेवारी ते मार्च २०२५ या तीन महिन्यांत राज्यात ७६७ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. या आकड्याची चर्चा फार टिकली नाही. अधिवेशन संपल्यावर २० जुलैला रोहित पवार यांनी तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात मोबाइलवर रमी खेळत असल्याची चित्रफीत समाजमाध्यमावर टाकली आणि महाराष्ट्र ढवळून निघाला. आपण खेळत नव्हतो, जाहिरात बाजूला सारत होतो, असा खुलासा कोकाटे यांनी केला. तो कोणी फारसा ऐकला नाही. ३१ जुलैला कृषी खाते दत्तात्रय भरणे यांच्याकडे गेले आणि कोकाटे क्रीडामंत्री झाले. खेळ खात्याचीच निवड झाल्याने पुढचे काही दिवस विनोदकारांची चांगली सोय झाली.

संदेश कसा असावा याचा हा धडाच होता : एक दृश्य, एक व्यक्ती, स्पष्टीकरणाची गरज नाही. पण मंत्र्याचे खाते बदलले म्हणजे वसुली झाली काय? चित्रफितीने निर्माण केलेला दबाव व्यक्तीवर खर्च झाला. त्या अकरा दिवसांत ‘कोकाटे जा’ या मागणीच्या जोडीला कर्जमाफीची तारीख मागितली गेली असती, तर सरकारला त्या चित्रफितीची किंमत वेगळ्या नाण्यात मोजावी लागली असती.

कारण कर्जमाफी हे सत्ताधाऱ्यांचेच आश्वासन होते. लाडक्या बहिणींना २,१०० रुपये आणि शेतकऱ्यांना कर्जमाफी ही महायुतीच्या २०२४ च्या जाहीरनाम्यातील कलमे. मार्च २०२५ मध्ये तेव्हा अर्थखाते सांभाळणारे अजित पवार यांनी पीककर्जाचे हप्ते ३१ मार्चपूर्वी भरा, असे शेतकऱ्यांना सांगून टाकले. विरोधी पक्षासाठी याहून सोपी संधी कोणती? स्वतःचे नवे आश्वासन द्यायचे नाही, फक्त दुसऱ्याची सही असलेली हुंडी घेऊन दारात उभे राहायचे. प्रत्यक्षात ही हुंडी घेऊन उभे राहिले ते बच्चू कडू, ज्यांना २०२४ मध्ये स्वतःची जागाही राखता आली नव्हती. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस राजू शेट्टी, अजित नवले आदींसह त्यांनी नागपूरजवळ महामार्ग रोखला आणि सरकारकडून ३० जून २०२६ पर्यंत निर्णय घेण्याची तारीख मिळवली. तारीख म्हणजे पैसे नव्हेत, हे खरे. तथापि, जे ४६ आमदारांना जमले नव्हते ते आमदार नसलेल्यांनी केले.

असेच चित्र मस्साजोगच्या सरपंचांच्या खुनानंतर शेजारच्या बीड जिल्ह्यात दिसले होते. धनंजय मुंडे यांच्या राजीनाम्यापर्यंत, म्हणजे ४ मार्च २०२५ पर्यंत, सर्वांत कर्कश आवाज सत्ताधारी भाजपचेच आमदार सुरेश धस यांचा होता. विरोधकांची जागा रिकामी राहिली की ती भरायला सत्ताधारीच पुढे येतात आणि श्रेयही त्यांच्याकडेच जाते.

विरोधी पक्षनेतेपद न मिळाल्याची तक्रार आघाडी सातत्याने करत आली आहे व ती निराधार नाही. एक दशांश, म्हणजे २९ सदस्यांचा निकष राज्याच्या १९७८ च्या कायद्यात नाही. तेथे विरोधातील सर्वाधिक संख्येचा पक्ष आणि अध्यक्षांची मान्यता एवढेच आहे. दिल्लीत २०१५ मध्ये ७० पैकी तीन आमदार असलेल्या भाजपला हे पद मिळाले होते. महाराष्ट्रातही १९८० च्या दशकात जनता पक्षाच्या मृणाल गोरे आणि शेकापचे दत्ता पाटील यांनी ते सांभाळले, तेव्हा त्यांच्या पक्षांकडे २९ आमदार नव्हते. पण मृणालताईंचा दरारा पदामुळे आला नव्हता. १९७० च्या दशकात महागाईविरोधात लाटणी घेऊन बायका रस्त्यावर आल्या, तेव्हाच सरकारने त्यांची दखल घेतली होती. पद नंतर आले.

भाजपने २०१९ ते २०२२ या काळात विरोधात असताना वापरलेली पद्धतही पाहण्यासारखी आहे. त्यांच्याकडे शंभराहून अधिक आमदार आणि विरोधी पक्षनेतेपद होते हे मान्य. तरी एका वेळी एकच मंत्री आणि निकाल लागेपर्यंत दुसरा विषय नाही, ही शिस्त संख्याबळातून येत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये संजय राठोड आणि एप्रिल २०२१ मध्ये अनिल देशमुख यांनी राजीनामे दिले. आजच्या विरोधकांच्या पत्रकार परिषदांत सकाळी मतदारयाद्या, दुपारी कायदा-सुव्यवस्था आणि संध्याकाळी पक्षातली गळती असे विषय येतात. १ नोव्हेंबर २०२५ चा मुंबईतील सत्याचा मोर्चा सर्व विरोधी पक्षांना एकत्र आणणारा ठरला; पण मतदारयाद्यांचा प्रश्न मोर्च्याने सुटत नाही. त्यासाठी प्रत्येक बूथवर यादी घेऊन बसणारा आणि मुदतीत हरकतीचा अर्ज भरणारा कार्यकर्ता लागतो. १,२४३ मतांनी निकाल लागणाऱ्या मतदारसंघात हे कोणाला पटवून द्यावे लागू नये.

कर्जाचेही तसेच. जामखेड तालुक्यातील प्रत्येक विकास सोसायटीत थकबाकीदार किती, नियमित फेडणारे किती आणि २०१७ व २०१९ च्या कर्जमाफीत कोण सुटले, ही माहिती गावात असते, पक्षाच्या मुंबईतल्या कार्यालयात नसते. ती गोळा करायला ना ध्वज लागतो, ना यात्रा. ती एकदा हातात आली की सभागृहातील प्रश्न आपोआप नेमका होतो आणि मंत्र्याला ‘माहिती घेऊन सांगतो’ म्हणण्याची सोय उरत नाही.