आर्डुइनो लावलेलं काडतूस मशीन: अमेरिकेत छंद, आपल्याकडे गुन्हा का?

इलेक्ट्रॉनिक्सचे चार-पाच व्हिडिओ सलग बघितले की अल्गोरिदम आपल्याला कुठेही घेऊन जातो. आधी आर्डुइनोवर चालणारं ठिबक सिंचन, मग घरी केलेला थ्रीडी प्रिंटर, आणि मग अचानक अमेरिकेतल्या कुणाच्या तरी गॅरेजमधलं एक निळं-लाल यंत्र. त्याला स्टेपर मोटर लावलेली, बाजूला छोटा डिस्प्ले, आणि खाली डब्यात टपाटप पडणारी चकचकीत काडतुसं. खाली कमेंटमध्ये आपली मराठी पोरंही दिसतात: "भारी प्रोजेक्ट, कोड मिळेल का?"

प्रोजेक्ट भारी आहे, हे मीही मान्य करतो. पण नगर जिल्ह्यात (कागदोपत्री आता अहिल्यानगर) बसून तो कोड डाउनलोड करण्याआधी दोन गोष्टी नीट माहीत हव्यात. हे यंत्र नेमकं करतं काय, आणि आपला कायदा त्याला काय म्हणतो. यातली दुसरी गोष्ट बहुतेकांना माहीतच नसते.

रीलोडिंग म्हणजे काय?

काडतुसाचे चार भाग असतात. बाहेरची पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठोक्याने पेटणारा प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी. गोळी झाडली की प्रायमर आणि दारू जळून जातात, गोळी निघून जाते, पुंगळी मात्र उरते. ती पुन्हा मापात आणून नव्याने भरणे म्हणजे रीलोडिंग.

अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी हे करायला केंद्रीय परवाना लागत नाही. विकण्यासाठी बनवायचं असेल तर लागतो. त्यामुळे तिथे हा मोठा छंद आहे, आणि त्याची यंत्रं दुकानात मिळतात. साध्या हँडलच्या यंत्रावर तासाला पन्नासेक काडतुसं होतात. वरच्या दर्जाच्या यंत्रावर काहीशे. मोटर बसवली की हा आकडा हजाराच्या पुढे जातो.

हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

घरगुती अपग्रेडचे दोन प्रकार

असे बरेच प्रोजेक्ट बघितल्यावर माझ्या लक्षात आलं की ते दोनच प्रकारचे असतात. एक प्रकार यंत्राला डोळे देतो, दुसरा हात देतो.

डोळे म्हणजे सेन्सर. पुंगळी जागेवर आली का, प्रायमर संपत आलेत का, दारू पडली का, हे सेन्सर बघतो आणि गडबड असेल तर यंत्र थांबवतो. हे नुसतं सोयीसाठी नसतं. पिस्तुलाच्या काडतुसात दारू किती लागते? अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी. ती मोजतात ग्रेन या एककात, आणि १ ग्रेन म्हणजे जेमतेम ६४.८ मिलिग्रॅम. काही पुंगळ्यांत दुप्पट दारू सहज मावते, वरून बघून कळतही नाही. असं काडतूस झाडलं तर बंदूक हातातच फुटू शकते. हौशी लोकांनी सेन्सर लावायला सुरुवात केली त्यामागे ही भीती मोठी आहे.

आता यात एक मेख आहे. आपल्याकडे रोबोटिक्सच्या किटमध्ये जो लोड सेल आणि एचएक्स७११ मॉड्यूल मिळतं, ते गॅस सिलिंडर किंवा दुधाची किटली तोलायला छान आहे. पण खोलीचं तापमान बदललं की त्याचं रीडिंग सरकतं, पंख्याच्या वाऱ्यानेही हलतं. किटली तोलताना ५० मिलिग्रॅम इकडेतिकडे झाले तर कुणाला फरक पडत नाही. इथे तेवढ्याने जीव जाऊ शकतो. म्हणून कॅनडातल्या एका नेमबाजाने जेव्हा आपोआप दारू मोजणारं, मोबाइल ॲपवर वजन दाखवणारं उपकरण बनवलं, तेव्हा त्याखाली १ मिलिग्रॅमपर्यंत अचूक असलेला प्रयोगशाळेचा तराजू वापरला. स्क्रीनवर तीन दशांश दिसले म्हणजे तीन दशांशांपर्यंत अचूक, असं नसतं. डिस्प्ले आणि अचूकता या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे कुठल्याही प्रोजेक्टला लागू आहे.

दुसरा प्रकार हातांचा. मोटर, कंट्रोलर, आपोआप पुंगळ्या सरकवणारा फीडर. यांनी काडतूस चांगलं होत नाही, फक्त जास्त होतात. डोळे धोका कमी करतात, हात संख्या वाढवतात. छंद आणि कारखाना यांच्यातलं अंतर ही मोटर मिटवते.

आणि आता आपला कायदा

शस्त्र अधिनियम १९५९. त्याच्या कलम २ मध्ये ‘दारूगोळा’ या शब्दाची व्याख्या आहे. आपल्याला वाटतं दारूगोळा म्हणजे काडतूस, बॉम्ब, ग्रेनेड. पण त्या यादीत आणखी एक ओळ आहे: दारूगोळ्याचे सुटे भाग आणि दारूगोळा बनवण्याची यंत्रसामग्री.

पुन्हा वाचा. व्याख्या सरळ वाचली तर काडतूस भरण्याचं यंत्र हाच कायद्याच्या नजरेत ‘दारूगोळा’ आहे. त्यात एक ग्रॅम दारू नसली तरी. तुम्ही आयुष्यात एकही काडतूस भरलेलं नसलं तरी.

मग पुढचं आपोआप येतं.

कलम ३: परवान्याशिवाय दारूगोळा जवळ बाळगता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर साधारणपणे याची शिक्षा किमान २ आणि कमाल ५ वर्षं आहे.

कलम ५: परवान्याशिवाय शस्त्रं किंवा दारूगोळा बनवणं, विकणं, दुरुस्त करणं गुन्हा आहे. इथे शिक्षा किमान ७ वर्षं, आणि ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. २०१९ च्या आधी हीच शिक्षा ३ ते ७ वर्षं होती.

कलम १०: परवान्याशिवाय आयात करता येत नाही. म्हणजे परदेशी साइटवरून ‘फक्त मशीन’ मागवणंही यात अडकतं.

शिवाय दारूसाठी स्फोटकांचा वेगळा कायदा, १८८४ चा. त्याची अंमलबजावणी बघणाऱ्या केंद्रीय संस्थेचं, म्हणजे पेसोचं, मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे.

"पण माझ्या काकांकडे बंदुकीचं लायसन्स आहे की!" असेल. ते बंदूक बाळगण्याचं आहे. दारूगोळा बनवण्याचा परवाना हा सर्वस्वी वेगळा विषय आहे. एकाचा कागद दुसऱ्याला चालत नाही.

नगरमध्ये हा विषय का महत्त्वाचा?

कारण नगरच्या पोरांकडे हे बनवायची कुवत खरंच आहे. एका बाजूला लष्कराचं आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल, रणगाडा संग्रहालय, के. के. रेंज, वाहननगरची डीआरडीओची व्हीआरडीई. दुसऱ्या बाजूला नागापूर आणि सुप्याची एमआयडीसी. स्विचगिअर बनवणारे मोठे कारखाने आणि त्यांना पार्ट पुरवणारी छोटी वर्कशॉप. लेथ, सीएनसी, वायरिंग, पीएलसी हे इथल्या आयटीआयच्या पोरांचं रोजचं काम आहे. व्हॉट्सॲपवर ड्रॉइंग येतं, रेट ठरतो, जॉब निघतो. ड्रॉइंग कशाचं आहे हे विचारायची पद्धतच नाही.

आणि त्याच जिल्ह्याच्या गुन्ह्यांच्या बातम्यांत ‘गावठी कट्टा आणि जिवंत काडतुसं जप्त’ ही ओळ नवी नाही. महाराष्ट्रात पकडल्या जाणाऱ्या गावठी पिस्तुलांचा माग अनेकदा मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यातल्या उमरटीपर्यंत जातो. या बातम्या नीट वाचल्या तर एक गोष्ट दिसते. कट्टा भट्टीवर बनतो, पण काडतूस तसं बनवणं अवघड असतं. म्हणून कट्ट्यासोबत काडतुसं सापडतात ती बऱ्याचदा मोजकी, दोन-चार. गुन्हेगारांच्या साखळीत अडणारी कडी काडतुसाची आहे. ती कडी मोकळी करणारं यंत्र तासाला हजाराच्या वेगाने चालायला लागलं तर काय होईल, याचा अंदाज बांधायला तज्ज्ञ लागत नाही.

म्हणूनच मला वाटतं की कायद्याने यंत्रालाच व्याख्येत घातलं हे योग्य केलं. काडतूस वापरून संपतं. यंत्र उरतं.

जगातही वारं बदलतंय

८ जुलै २०२२ ला जपानचे माजी पंतप्रधान शिंजो आबे यांची हत्या झाली, ती घरी बनवलेल्या बंदुकीने. जपान म्हणजे बंदुकांबाबत जगातला सर्वांत कडक देशांपैकी एक. त्यानंतर २०२४ मध्ये तिथे कायदा बदलला आणि बेकायदा बंदूक बाळगायला इंटरनेटवरून चिथावणी देणं हाही गुन्हा ठरवला. यूट्यूबने जून २०२४ मध्ये घरगुती बंदुकांच्या व्हिडिओंवर वयाची अट आणली. दारूगोळा बनवायला शिकवणाऱ्या व्हिडिओंवर त्यांच्या नियमांत त्याआधीपासूनच बंदी आहे. तरीही असे व्हिडिओ दिसत राहतात. म्हणजे ‘यूट्यूबवर आहे म्हणजे चालतं’ हा युक्तिवाद यूट्यूबच्या नियमांतही टिकत नाही, पोलीस ठाण्यात तर नाहीच.

मग खेळाडूंचं काय?

हा प्रश्न रास्त आहे. १ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य जिंकलं. त्यानंतर नेमबाजीकडे वळणारी पोरं वाढली, आणि काडतुसाचा खर्च हा त्यांच्या घरच्यांचा मोठा प्रश्न आहे. पण या प्रकारात वापरतात ते .२२ चं रिमफायर काडतूस. त्यात पेटणारं मिश्रण पुंगळीच्या कडेतच भरलेलं असतं आणि झाडताना ती कड चेपते, त्यामुळे ते पुन्हा भरायच्या कामाचं राहत नाही. आणि १० मीटर एअर रायफलमध्ये तर दारूच नसते, ४.५ मिलिमीटरचा छर्रा हवेच्या दाबाने सुटतो. म्हणजे आपली बहुतेक पोरं ज्या प्रकारांत उतरतात, तिथे रीलोडिंगचा उपयोगच नाही.

डोक्यातला किडा शांत करायचा असेल तर

त्याच वस्तू, तोच कोड, पण कायद्यात बसणारा आणि खरंच कामाचा प्रोजेक्ट सांगतो: एअर रायफलसाठी इलेक्ट्रॉनिक टार्गेट.

कल्पना सोपी आहे. टार्गेटच्या चार कोपऱ्यांत चार मायक्रोफोन. छर्रा कागदातून गेला की आवाज होतो आणि तो चारही कोपऱ्यांत वेगवेगळ्या वेळी पोहोचतो. आवाज १ सेंटिमीटर जायला साधारण २९ मायक्रोसेकंद घेतो. वेळेतल्या फरकावरून छर्रा कुठे लागला ते गणिताने काढायचं आणि मोबाइलवर दाखवायचं. ईएसपी३२ ला हे जमतं. आंतरराष्ट्रीय स्पर्धांमधली टार्गेट्सही कित्येक वर्षं आवाजाच्याच तत्त्वावर चालत आली आहेत.

गंमत अशी की इथेही तापमान आडवं येतं. हवा १ अंशाने तापली की आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. नगरच्या डिसेंबरच्या सकाळी जुळवलेलं टार्गेट मे महिन्याच्या दुपारी चुकणारच. म्हणून तापमानाचा सेन्सर आणि कोडमध्ये दुरुस्ती हवी. पण इथे चूक झाली तर एक गुण चुकतो, बोट तुटत नाही. जवळच्या रायफल क्लबच्या प्रशिक्षकाला विचारून, त्यांच्या रेंजवरच चाचणी घ्या.

आणि काडतुसांच्याच यंत्रांत रस असेल तर सरळ दार आहे. म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीचं मुख्यालय पुण्यात आहे, आणि खडकी, देहूरोड, वरणगाव, भंडारा, चांदा इथे तिचे कारखाने आहेत. तिथली कामं किती जपून करावी लागतात हे भंडाऱ्याने दाखवलं. २४ जानेवारी २०२५ ला जवाहरनगरच्या कारखान्यात स्फोट झाला आणि किमान ८ कामगार गेले. परवाना, प्रशिक्षण, वेगळ्या इमारती, सगळं असून ही वेळ येते. मग पत्र्याच्या शेडमध्ये एक्स्टेंशन बोर्डावर चालणाऱ्या यंत्राचं काय?

जॉब घेण्याआधी तीन प्रश्न

वर्कशॉप चालवत असाल किंवा फ्रीलान्स कोड लिहून देत असाल, तर हे विचारायची सवय लावा.

१. हा पार्ट कुठल्या यंत्रात बसणार? उत्तर टाळलं तर जॉब टाळा.

२. ड्रॉइंगवर कॅलिबरचे आकडे, म्हणजे ९ एमएम, ७.६५, .३२ असं काही दिसतंय का? दिसलं तर गृह मंत्रालयाच्या उत्पादन परवान्याची प्रत मागा.

३. बिल नको, रोख देतो, असं म्हणतोय का? मग ड्रॉइंग आणि चॅट डिलीट न करता जवळच्या पोलीस ठाण्यात दाखवा. पुढे कधी प्रश्न आलाच तर तोच तुमचा पुरावा.

"मला माहीत नव्हतं" हे वाक्य कोर्टात सिद्ध करायला वर्षं जातात. हे तीन प्रश्न विचारायला पाच मिनिटं पुरतात.