‘या वयात शोभतं का?’ विचारणाऱ्यांना

बातमीच्या निमित्तानं वृद्धाश्रमात जाणं होतं. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या. विस्मरण झालेले दोघं जण हात धरून बसले, की व्यवस्थापकाचा फोन आधी मुलांना जातो. मुलं म्हणतात, ‘या वयात शोभतं का? लांब ठेवा त्यांना.’ त्या दोघांना विचारायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही.

सँड्रा डे ओ’कॉनर या अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टातल्या पहिल्या महिला न्यायाधीश. पतीला अल्झायमर झाला आणि केअर सेंटरमध्ये त्यांचा तिथल्याच एका बाईवर जीव जडला. २००७ मध्ये मुलानंच जाहीर सांगितलं, बाबा खूश आहेत म्हणून आईलाही समाधान आहे. आपल्याकडे? भावकी गोळा झाली असती!

आता कमेंटमध्ये कुणीतरी लिहिणार, ‘म्हणजे काहीही चालवून घ्यायचं का?’ अजिबात नाही. दुसरी बाजू तर जास्त भयंकर आहे. आयोवा राज्यातले आमदार हेन्री रेहॉन्स यांच्या पत्नीला अल्झायमर होता, ती नर्सिंग होममध्ये होती. तिची संमती देण्याची क्षमता उरलेली नाही, असं २०१४ मध्ये त्यांना सांगितलं गेलं. पुढे तिच्या लैंगिक शोषणाचा खटला त्यांच्यावर चालला. २०१५ मध्ये ज्यूरीनं त्यांना निर्दोष सोडलं. निकाल काहीही असो, प्रश्न कोर्टात तरी गेला.

आणि आपण? भारतीय न्याय संहितेचं कलम ६३ म्हणतं, मानसिक अवस्थेमुळे बाईला आपण कशाला हो म्हणतोय तेच कळत नसेल, तर तो होकार धरायचा नाही. वा! पण त्याच कलमात, बायको १८ च्या वरची असेल तर नवऱ्याला सूट. समोरचा माणूस आपला नवरा आहे हेच जिला आठवत नाही, तिनं हात झटकला, रडली, तरी तो बलात्कार नाही. शेजारीपाजारी म्हणणार, घरचा मामला.

म्हणजे हात धरणाऱ्यांना वेगळं करायचं आणि रडणारीकडे पाठ फिरवायची. दोन्हीकडे त्या माणसाला विचारलंच नाही!

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचारांपुरतं तरी मान्य केलंय, की इतरांना निर्णय चुकीचा वाटला एवढ्यावरून त्या माणसाला अक्कल नाही असं धरता येणार नाही. शब्द गेले तरी चेहरा बोलतो. रोज सांभाळणाऱ्या मावशींना तो वाचता येतो, पण त्यांना विचारतो कोण?

तालुक्यातल्या वृद्धाश्रम चालकांनो, याबाबत तुमच्याकडे काही लेखी नियम आहे का? असेल तर पाठवा, मी छापतो. नसेल तर तेही छापतो.