खरी निवड कोणती?

डिझेल एसयूव्ही घ्यावी की प्लग-इन हायब्रिड, हा प्रश्न सध्या धनिक वर्गाला सतावीत आहे. ‘स्वच्छ’ डिझेलचे सोंग 2015 साली फोक्सवॅगन प्रकरणात उघडे पडले. हायब्रिडचे रस्त्यावरील कार्बन उत्सर्जन प्रयोगशाळेतील आकड्याच्या सरासरी साडेतीनपट भरते, असे युरोपीय आयोगाचा 2024 चा अहवाल सांगतो. कारण गृहीत धरले तितके मालक ती चार्ज करीतच नाहीत. आपल्याकडे तर चार्जिंगची वीजही मुख्यतः कोळशाचीच! तरीही सप्टेंबर 2025 मध्ये सरकारने मोठ्या एसयूव्हींवरील कर 50 टक्क्यांवरून 40 टक्क्यांवर आणला. एसटीच्या थांब्यावर ताटकळणाऱ्या श्रमिकाच्या वाट्याला मात्र धूर तेवढा येतो. खरी निवड दोन मोटारींतील नव्हे, खाजगी चैन आणि सार्वजनिक वाहतूक यांतील आहे. ती ग्राहकाने नव्हे, समाजाने करावयाची आहे.