ताईला एकटं पाडू नका

दारी मांडव, नवरीला हळद लागलेली, चुलाणावर भाजी शिजतेय, आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाची ताई मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला मागते. वय सोळा निघतं. आजी हंबरडा फोडते, मामा अंगावर धावून येतो, कुणी फोन लावून तिच्या हातात देतं, ‘घ्या, बोला साहेबांशी.’ हमीपत्र लिहून घेईस्तोवर रात्र होते. मुलीला बाल कल्याण समितीपुढे न्यायचं काम अजून बाकीच असतं.

आपला बुलढाणा जिल्हा तेरा तालुक्यांचा. घाटावर निम्मा, घाटाखाली निम्मा. सातपुड्याच्या पायथ्याशी संग्रामपूर, जळगाव जामोद, तर दुसऱ्या टोकाला लोणार, सिंदखेड राजा. ‘मिशन वात्सल्य’ योजनेखाली बाल संरक्षणाचं काम करणारी बहुतेक माणसं कंत्राटी आहेत. बालविवाह, अत्याचार, घरून पळालेली मुलं, बाल संगोपन योजनेच्या गृहभेटी, सगळं त्यांच्याच अंगावर. प्रवासाने माणूस थकतो, पण झोपला की थकवा उतरतो. लेकरानं सांगितलेलं मात्र डोक्यातून जात नाही. त्यात मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याने बंदी आहे आणि ती योग्यच आहे. म्हणून दिवसभर ऐकलेलं ही ताई घरी नवऱ्यालाही सांगू शकत नाही. मला या कामातला सगळ्यात जड भाग हाच वाटतो.

म्हणून अधिकाऱ्यांना विनंती, ते बोलण्याची सोय कार्यालयातच करा. आठवड्यातून एकदा सगळ्यांना बसवा, आकडे मागायला नव्हे, ऐकून घ्यायला. लग्न थांबवायला ताईला एकटीला पाठवू नका, आणि रात्र जागलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी सुट्टी द्या.

घरच्यांनो, ती उशिरा आली तर जाब विचारू नका, ताट वाढा.

आणि ताई, झोप उडाली, घरच्या पोरांवर विनाकारण ओरडणं होऊ लागलं, रडणारं मूल पाहूनही काही वाटेनासं झालं, तर तो तुमचा कमकुवतपणा नव्हे. टेली मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येतं.

गावकऱ्यांचं काम याहून सोपं आहे. मुलीचं वय 18 झालेलं नाही हे सोयरीक जुळतानाच शेजाऱ्यापाजाऱ्यांना ठाऊक असतं. तेव्हाच 1098 या बाल हेल्पलाइनला कळवा, नाव गुप्त राहतं. पत्रिका छापण्याआधी आईबापांना समजावणं सोपं जातं, खर्च झाल्यावर तेच लोक हातघाईवर येतात. खेड्यात बालविवाह प्रतिबंध अधिकारी म्हणजे आपला ग्रामसेवकच (आताचा ग्रामपंचायत अधिकारी), त्याच्याकडे जा. आणि ताई गावात आली की ओट्यावरून तमाशा बघू नका, चार शहाणी माणसं तिच्या बाजूला उभी राहा.

सरपंच मंडळी, ग्राम बाल संरक्षण समिती तुमच्याच अध्यक्षतेखाली असते. तिची बैठक नुसती रजिस्टरात नको. याच महिन्यात खरी बैठक घ्या, आणि ताईलाही बोलवा.