रक्त एकाचे, माहिती साऱ्या जमातीची

अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनच्या दरीत सुपाई नावाचे गाव आहे. तेथे मोटार पोचत नाही. पायी, खेचरावरून किंवा हेलिकॉप्टरने जावे लागते. जेमतेम साडेसहाशे लोकसंख्येच्या हवासुपाई या आदिवासी जमातीचे हे गाव. १८८२ मध्ये सरकारने तिला ५१८ एकरांत कोंडले होते. दीर्घ झगड्यानंतर १९७५ साली सुमारे १,८५,००० एकर जमीन तिला परत मिळाली. पण पुढे तिला आणखी एका हक्कासाठी झगडण्याची वेळ आली.

जमातीत मधुमेहाने थैमान घातले होते. त्यावर काही उपाय निघेल या आशेने लोकांनी १९९० पासून अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांना आपले रक्त दिले. संमतीपत्राची भाषा मात्र सैल होती, आणि इंग्रजी ही तर अनेकांची परकी भाषा. पुढे त्याच नमुन्यांवर स्किझोफ्रेनिया, जमातीतील अंतर्गत विवाहसंबंध आणि पूर्वजांचे स्थलांतर यांविषयीही संशोधन झाले. २००३ मध्ये जमातीतील एक स्त्री विद्यापीठात एका प्रबंधाच्या मौखिक परीक्षेस हजर राहिली, तेव्हा कोठे याचा सुगावा लागला. आपली उत्पत्ती याच दरीत झाली ही या लोकांची श्रद्धा; भूमीवरील दाव्याचा आधारही तोच. त्यांच्याच रक्तातून त्यांना सांगण्यात आले की, तुमचे पूर्वज आशियातून आले! खटला झाला. २०१० मध्ये विद्यापीठाने ४१ जणांना मिळून सात लाख डॉलर्स दिले आणि उरलेले नमुने परत केले. रक्त देणाऱ्यांपैकी काही जण तोवर निवर्तले होते.

‘सही तर घेतली होती’ हा अशा प्रकरणांतील ठरलेला बचाव असतो. परंतु सही करते ती व्यक्ती, आणि वेडाचा किंवा अंतर्गत विवाहांचा शिक्का बसतो तो सबंध जमातीवर. सही न केलेल्यांवर आणि अद्याप जन्मास न आलेल्यांवरही. म्हणूनच कॅनडातील आदिवासींनी १९९८ मध्ये आपल्याविषयीच्या माहितीची मालकी, नियंत्रण, वापर आणि ताबा ही चारही सूत्रे आपल्या हाती हवीत अशी भूमिका मांडली. अमेरिकेतील नव्हाहो राष्ट्राने तर २००२ मध्ये आनुवंशिक संशोधनच स्थगित केले.

भारतात १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. महाराष्ट्रासह सतरा राज्यांतील सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट. हा आजार आदिवासींच्या घराघरांतील खरी वेदना आहे. तपासणीला विरोध करणे हा निव्वळ अविचार ठरेल. परंतु ती कार्डे विवाहापूर्वी जुळवून पाहावीत असेही सांगितले जाते, आणि वाहक ठरलेल्या मुलीच्या वाट्याला काय येईल हे गावात राहणाऱ्यास सांगावयास नको. त्याच वर्षी संसदेने वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा केला. त्यात हक्क आहेत ते व्यक्तीचे. जमात त्याला ठाऊकच नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने पारंपरिक ज्ञानावर समूहाचा बौद्धिक संपदेचा हक्क मान्य केला, मोहाच्या फुलांवर आणि तेंदूपानांवरही आदिवासींची मालकी मानली. गावाच्या रक्तातून निघालेल्या माहितीबाबत मात्र ग्रामसभेला विचारण्याचे बंधन कोणावर नाही.

ग्रामसभा म्हणजे काही सद्गुणांचा पुतळा नव्हे. चार वजनदार पुरुष बोलतात आणि बाया मागे बसून राहतात, हे चित्र कार्यकर्त्यांच्या पाहण्यातले आहे. समूहाच्या नावाने एखाद्या स्त्रीचे गुपित चव्हाट्यावर येणार असेल तर तो हक्क नव्हे, जाच होय. व्यक्तीचा नकार सर्वांवर राहिलाच पाहिजे. समूहाची संमती ही त्याच्या जोडीला हवी, त्याच्या जागी नव्हे.

गडचिरोली-नंदुरबारात काम करणाऱ्यांना यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. तपासणीचे पथक येण्यापूर्वी ग्रामसभेत, माडिया, गोंडी वा भिली बोलीत, काही प्रश्न विचारता येतात: नोंदी कोठे राहणार, किती वर्षे, कोण पाहणार, आणि उद्या दुसऱ्याच कामासाठी त्या हव्या झाल्या तर पुन्हा विचारावयास कोण येणार? उत्तरे लेखी घ्यावीत आणि ग्रामसभेच्या ठराववहीत नोंदवावीत.