हजेरी क्रमांक आणि जनरल रजिस्टर

मंडळी, परवा एक मोठी चूक होता होता राहिली. म्हटलं, इथे लिहून टाकावं.

नातवाने माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स घालून दिलंय. १ टीबीच्या डिस्कचा त्याने 'थिन पूल' केला, म्हणजे जागेची सामायिक कोठी. त्यातून ५००-५०० जीबीचे तीन कप्पे काढले. एकात दीड कसे मावतात? तर म्हणाला, "आजोबा, ती जागा कागदावरची. लिहाल तेवढीच कोठीतून जाते." लग्नाच्या पत्रिका पाचशे वाटायच्या आणि स्वयंपाक साडेतीनशेचा करायचा, तसंच. सगळेच आले की पंचाईत! कोठी भरली की कप्प्यात जागा दिसते, पण लिहिणं अडतं.

कोठी ९२ टक्के भरली, म्हणून एक जुना स्नॅपशॉट, म्हणजे कप्प्याची त्या दिवशीची छबी, काढायला बसलो. यादीत नावं काय? एलव्हॉल१, एलव्हॉल२, एलव्हॉल३, एलव्हॉल४. आपण नाव दिलं नाही की यंत्रणा अशी देते. छबी कुठली आणि मूळ कुठलं, काही कळेना. यांतल्या एकात हिने म्हटलेल्या ओव्या आहेत. ती जाऊन सहा वर्षं झाली. आज्ञा टाइप झाली होती, एन्टर बाकी होतं. काय वाटलं कोण जाणे, नातवाला फोन केला. "थांबा आजोबा! तोच ओव्यांचा!"

वर्गशिक्षक म्हणून इतकी वर्षं हजेरी घेतली, म्हणून सांगतो. हजेरीपटावरचा क्रमांक वर्षागणिक बदलतो. लिनक्समधली एसडीए, एसडीबी ही डिस्कांची नावं तशीच. सापडतील त्या क्रमाने मिळतात, पेनड्राइव्ह लावून मशीन सुरू केलं तर बदलूही शकतात. यूयूआयडी म्हणजे जनरल रजिस्टर नंबर. पक्का, पण लक्षात कोण ठेवणार? हाक मारायला नावच लागतं. कप्प्यांना ते ठेवायची सोय आहे. मग न ठेवणं हा निव्वळ आळस, असं माझं स्पष्ट मत आहे.

नाव कामावरून असावं. कप्पा थिन आहे हे त्यातून कळावं. छबीला मूळ कप्प्याचं नाव आणि तारीख जोडावी. जागेचा आकडा नावात नको. उद्या कप्पा वाढवला की नाव खोटं ठरतं. हायफनही टाळावा, कारण मॅपरच्या यादीत तो दुहेरी होऊन गोंधळ घालतो.

नातू म्हणतो, "मला माहीत असतं ना कुठे काय आहे!" अरे, पण घर लावणारा एक आणि राहणारा दुसरा असतो. नाव राहणाऱ्यासाठी असतं.

आता तो कप्पा 'ओव्या_थिन' झालाय, रोमन अक्षरांत, कारण दुसरी चालत नाहीत. आणि छबीही त्याच कोठीत राहते, कोठी गेली की तीही जाते, हे कळल्यावर ओव्यांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेतली. त्या डिस्कवर हिचं नाव लिहिलंय.

असो. तुमच्या कप्प्यांची नावं एकदा बघून घ्या.